वंशावळ आणि ‘अक्करमाशी’

मराठीच्या जुन्या दप्तरांत वंशावळीला मानाचे स्थान आहे. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की वादी-प्रतिवादी आपापला करीना सादर करीत. मूळ पुरुष कोण, त्याचे पुत्र किती, कोणती शाखा खुंटली, याची हकीकत त्यात असे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. तेथे वतनाची निकड नव्हती. तरी मांडणी पुष्कळशी तीच राहिली, पुरुषामागून पुरुष. वंशावळ ही केवळ स्मृती नसून हक्काची भाषा आहे, हे यावरून ध्यानात येते.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) हे आत्मकथन या भाषेलाच छेद देते. तोळा बारा माशांचा. अकरा माशांचा तो उणा. अनौरस संततीसाठी रूढ झालेला हा शब्द असा सोनाराच्या तराजूतून आला आहे. निवेदकाची आई महार, जन्मदाता सवर्ण पाटील. बापाचे नाव विचारले गेले की त्याच्या अस्तित्वालाच हरकत निघते.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालालाही आपले गोत्र ठाऊक नाही. आईने सांगितले तेच तो गुरूला सांगतो. गौतम त्याचा स्वीकार करतात, परंतु असे सत्य ब्राह्मणाखेरीज कोणी बोलणार नाही, असा निर्वाळा देऊन. गोत्राची उणीव तेथे वर्णाने भरून निघते. ‘अक्करमाशी’च्या निवेदकाला ती वाट मोकळी नाही, सत्य सांगितल्याने त्याचे उणेपण अधिकच उघडे पडते.

तथापि हे पुस्तक हरवलेल्या पित्याची तक्रार म्हणून वाचणे अपुरे ठरेल. आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान दादा यांच्या आधाराने निवेदक वाढतो. दादाशी त्याचे रक्ताचे, जातीचे वा धर्माचे नाते नाही. करिन्यात ज्याला एक ओळही मिळाली नसती, तो येथे आजोबांच्या जागी उभा आहे. जन्मापेक्षा संगोपनाने सांगितलेली ही वंशावळ मराठी आत्मकथनात लक्षणीय आहे.

एक मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. आई मसामाय बहुतांशी मुलाच्या प्रश्नांतूनच दिसते. तिची बाजू तिच्या तोंडून फारशी येत नाही. कुलवृत्तांतांनी स्त्रीला दिलेली दुय्यम जागा या प्रखर आत्मकथनातही पुरती बदललेली नाही.