गेरूचा स्पेक्ट्रम आणि मास दाझीलचे गोटे

समजा तुमच्या हातात नदीतला एक चपटा गोटा आहे आणि त्यावर लाल रंगाचे तीन ठिपके आहेत. ते हिमयुगाच्या अखेरीचे की १८९० च्या आसपासचे, हे कसं सांगाल? 'रामन करू' असं मनात आलं असेल तर पुढचं वाचाच. पहिल्या वर्षी मीही तेच म्हणालो होतो.

हे गोटे दक्षिण फ्रान्सचे. पिरेनीजच्या पायथ्याशी मास दाझील ही प्रचंड गुहा आहे, तिच्यातून आरीझ नदी आरपार वाहते. १८८७ पासून एदुआर पिएत यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा ठिपके, पट्टे आणि नागमोडी रेघा काढलेले गोटे सापडले. आधी लोकांनी शंका घेतली. १८९६ साली पिएत यांनी त्यांवर सविस्तर लिहिलं आणि त्यातली काही चिन्हं अंक असावेत असं मत मांडलं. त्यांचा संग्रह पुढे सँ-जेर्मँ-आँ-लेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. पण शंका ओसरली तशी हौशी संग्राहकांची मागणी वाढली, आणि मागणी आली की माल येतोच. गोटा नदीत फुकट, रंग मातीत फुकट. असे विकत घेतलेले गोटे हळूहळू संग्रहालयांच्या कपाटांत पोचले.

१९८२ साली क्लोद कुरो आणि पॉल बान यांनी ब्रिटनमधल्या संग्रहांतले असे गोटे पुन्हा तपासले. मला हा निबंध आवडतो, कारण छापील चित्रांवर न थांबता दोघं मूळ वस्तूंकडे गेले. कुरोंनी एकूण सोळा चिन्हं वेगळी काढली, त्यांच्या जोड्या मोजल्या. चंद्राच्या कलांशी संबंध असेल का, हा विचारही त्यातून पुढे आला.

माझी अडचण इथे सुरू होते. खरा गोटा 'कसा दिसतो' हे आपण आधीच्या गोट्यांवरून ठरवतो. त्या ढिगात चार खोटे असतील तर कसोटीच वाकडी होते. उलटंही होतं: नेहमीपेक्षा वेगळं चिन्ह असलेला खरा गोटा 'शैलीत बसत नाही' म्हणून बाहेर फेकला जातो आणि उरलेला ढीग आणखी नियमबद्ध दिसायला लागतो! जोड्यांच्या मोजदादीत असा नियमबद्धपणा हाच तर निष्कर्ष असतो.

मग प्रयोगशाळा? मी कुंडीला लावायचा गेरू एका गोट्यावर लावला आणि रामनखाली धरला. २२५, २९२, ४११ ला शिखरं, अस्सल हेमटाइट. प्राचीन रंगही हेमटाइटच देईल. रंगात कार्बन नाही, त्यामुळे कार्बन-१४ चा उपयोग नाही. कृत्रिम आयर्न ऑक्साइड किंवा आधुनिक डिंक सापडला तर खोटेपणा पकडता येतो, पण स्थानिक मातीच वापरलेली असेल तर काहीच हाती लागत नाही. आणि डिंक सापडला तरी तो संग्रहालयातल्या कुणी रंग टिकावा म्हणून नंतर लावलेला असू शकतो.

खरी आशा आहे ती रंगावर बसलेल्या चुन्याच्या पातळ थरात. रंग त्याच्या खाली आहे की वर, हे साधा सूक्ष्मदर्शकही दाखवतो, आणि थर पुरेसा जाड व शुद्ध असेल तर युरेनियम-थोरियमने त्याचं वयही काढता येतं. मात्र घासूनपुसून धुतलेल्या गोट्यावर तो थर राहत नाही. जुन्या काळात वस्तू 'चांगली दिसावी' म्हणून किती पुरावा पाण्यात गेला, याचा विचार केला की चिडचिड होते.

म्हणून अशा संग्रहावर काम करायचं असेल तर आधी यंत्राची वेळ मागू नका, आवकनोंदवही मागा. गोटा उत्खननातून आला की विकत घेतला? थर लिहिला आहे, की चिठ्ठीवर नुसतं 'मास दाझील'? दुसऱ्या प्रकारचे गोटे खोटे ठरवायची घाई नको, त्यांचा वेगळा रकाना करा. मग चिन्हांची मोजणी दोनदा करा, एकदा त्यांना धरून आणि एकदा वगळून, आणि दोन्ही तक्ते छापा.