गोलरक्षकाचें आत्मनिवेदन

खेळाडूंच्या आत्मचरित्रांकडे आम्ही सहसा वळत नाहीं. त्यांत विजयांची जंत्री असते, आणि तीही बहुधा दुसऱ्यानें लिहून दिलेली. कॅनडातील आइस हॉकीचे गोलरक्षक केन ड्रायडन यांचा १९८३ सालीं निघालेला ‘द गेम’ हा ग्रंथ हातीं घेतांना आमची अपेक्षा ह्याहून मोठी नव्हती. ती खोटी ठरली, हें कबूल करण्यांत आम्हांस आनंदच वाटतो.

कारकीर्द आखूड, पण अजब. १९७१ च्या मार्चांत ड्रायडन माँट्रिअल कॅनेडिअन्स संघांत उतरले. साखळीचे अवघे सहा सामने खेळून बाद फेऱ्यांस उभे राहिले, आणि संघानें स्टॅन्ले कप जिंकला तेव्हां त्या फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडूही तेच ठरले. पुढें वेतनाच्या वादावरून १९७३-७४ चा सबंध हंगाम सोडून त्यांनीं टोरांटोच्या एका वकिली कचेरींत उमेदवारी केली. मग परत आले, आणि एकंदर सहा कप पदरीं पाडून १९७९ सालीं, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षीं, निवृत्त झाले. साखळीचे सामने ३९७. त्यांत हार केवळ ५७.

एवढ्या यशावर लिहावयाचें काय? ग्रंथाचें मर्म येथेंच आहे. बलाढ्य संघाच्या गोलरक्षकास काम थोडें आणि वाट पाहणें फार. पक नांवाची ती कडक रबराची चकती बर्फाच्या दुसऱ्या टोकास फिरत असते, आणि हा आपल्या काठीवर हात टेकून उभा! (ड्रायडन यांची ही ढब तिकडे घरोघर ठाऊक आहे.) अशा वेळीं त्याचा खरा शत्रू समोरचा खेळाडू नव्हे, तर स्वतःचें मन. इजेची भीति आहे, गोल झाल्यावर हजारों डोळ्यांदेखत होणारी शोभा आहे. पण त्याहून बोचरा प्रश्न असा, कीं ह्या विजयांत आपला वाटा किती? ग्रंथकर्त्यांनीं तो गुळगुळीत करून टाकला नाहीं. आमच्या मतें हीच त्यांची थोरवी.

वडिलांनीं घरामागचें आंगण फरसबंद करून दिलें, तेथें भावाबरोबर तासन् तास चाललेला पोरखेळ, हें प्रकरण तर आम्हीं दोनदां वाचलें. खेळांतील कसब शिस्तबद्ध तालमींपेक्षां अशा मोकळ्या वेळांत वाढतें, असें ते म्हणतात. आपल्या शिकवण्यांच्या दिवसांत पालकांनीं हें अवश्य वाचावें. खेळाच्या इतिहासाचीं पानें मात्र लांबलीं आहेत. ज्यानें बर्फाचें मैदान पाहिलें नाहीं तो तेथें घसरणारच.

एका ठिकाणीं आमचें समाधान झालें नाहीं. मैदानावरील मारामाऱ्या ही खेळाडूंच्या रागाला दिलेली वाट होय, ह्या लाडक्या समजुतीचें खंडन ते उत्तम करतात. परंतु डोक्यावर बसणाऱ्या आघातांचा पुढील आयुष्यावर काय परिणाम होतो, ह्याचा जमाखर्च ग्रंथांत जवळजवळ नाहीं. तो त्यांनीं २०१७ सालच्या ‘गेम चेंज’मध्यें मांडला, आणि खेळाच्या चालकांस थेट जाब विचारला. २०२५ च्या सप्टेंबरांत ते वारले. हे दोन ग्रंथ वाचावयाचे तर ह्याच क्रमानें वाचावे.