नत्थूचा गुन्हा

गोविंद निहलानींची 'तमस' ही मालिका दूरदर्शनने १९८८ साली दाखवली, तेव्हा तिच्यावर बंदी घालावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. धर्मांच्या भावनांवरून रान उठले. नत्थूच्या जातीसाठी मात्र कुणी कोर्टाची पायरी चढले नाही.

परवा द्वितीय वर्षाच्या वर्गाबरोबर ती पुन्हा पाहिली. १९४७ सालचे, फाळणीआधीचे पंजाबातले शहर. कोंदट खोलीत नत्थू (ओम पुरी) रात्रभर एका डुकराशी झुंजतो आहे. आपण मेल्या जनावराचे कातडे सोलतो, डुक्कर कधी मारलेले नाही, हे त्याने सांगितलेले असते. तरी ठेकेदार पाचाची नोट त्याच्या हातात कोंबून जातो. पुढे तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर पेटते. माझा आजा गावची मेलेली गुरे ओढायचा. जित्या जनावरावर त्याने कधी सुरी धरली नाही. पण काम सांगणाऱ्याच्या नजरेला सोलणे आणि मारणे यांत फरक दिसतच नाही. घाण म्हटली की 'यांचंच काम'! ठेकेदार नत्थूच्याच दारी का आला, याचे उत्तर इथे आहे, आणि मालिका ते दाखवून पुढे निघून जाते.

भीष्म साहनींच्या कादंबरीत (१९७३) नत्थू मध्येच नाहीसा होतो. निहलानी त्याला सोडत नाहीत. म्हातारी आई पाठीवर, गरोदर करमो बरोबर, असा तो चालत राहतो. हे दिग्दर्शकाचे मोठेपण मी मान्य करतो. पण त्याला पाठीवर आणखी एक ओझे दिले आहे : दंगल आपणच पेटवली हा अपराधभाव. सगळे कळत असून हात बांधून बसलेला इंग्रज डेप्युटी कमिशनर शांतपणे झोपतो. घाम फुटतो तो नत्थूला. ज्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती, त्याच्याच सदसद्विवेकाची ही परीक्षा कशासाठी?

शेवटी निर्वासितांच्या छावणीत करमोला नत्थूचे प्रेत दिसते, तिथेच ती बाळंत होते. बाहेर हरनामसिंग आणि बंतो ही वृद्ध जोडी थांबलेली. आतून मुलाचे रडणे, दुरून दोन्ही बाजूंच्या घोषणा. वर्ग गप्प झाला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, त्या छावणीत तिला रेशन मिळालं असेल का?"

डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिले होते. पाकिस्तानातून अस्पृश्यांना निघू देत नाहीत, कारण हलकी कामे करायला माणसे हवीत. आणि जे इकडे पोचले त्यांना छावण्यांतले अधिकारी भेदाने वागवतात, म्हणून ते छावणीबाहेर राहतात, अशी त्यात तक्रार होती. मी ते पत्र दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवले.