आकडा सोपा, पण मोजला कोणी?

भारतात दरवर्षी मलेरियाने किती माणसे दगावतात? वर्गात एखादा विद्यार्थी सहज विचारील असा हा प्रश्न. पूर्वी याच्या उत्तरासाठी जाड अहवाल चाळावे लागत. आता जगाच्या आरोग्याची आकडेवारी मांडणारी संकेतस्थळे आहेत. त्यांतल्या एका नावाजलेल्या संकेतस्थळाचे परीक्षण आम्ही येथे करीत आहोत. त्याचे नाव ‘जीबीडी कंपेअर’. अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ मेट्रिक्स अँड इव्हॅल्युएशन’ या संस्थेने ते २०१३ साली खुले केले.

आधी गुण सांगू. पडद्यावर एक मोठा आयत दिसतो. त्यात लहानमोठ्या चौकटी असतात. ज्या रोगाचे बळी जास्त, त्याची चौकट मोठी. संसर्गजन्य रोग, बाळंतपणातले व नवजात बालकांचे आजार आणि कुपोषण यांना लाल रंग. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांसारख्या रोगांना निळा. अपघात व इजांना हिरवा. देश, वय, लिंग किंवा साल बदलले की चौकटी लगेच लहानमोठ्या होतात. १९९० पासून लाल भाग कसा आक्रसत गेला आणि निळा कसा पसरला, हे आठवीतला मुलगाही न सांगता ओळखतो. दहा पानांच्या कोष्टकाला हे जमणार नाही.

पण मलेरियाच्या चौकटीवर थोडे थांबू. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारताविषयी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांच्या पथकांनी घरोघरी जाऊन, मृत व्यक्तीला शेवटच्या आजारात काय काय झाले होते, हे नातेवाइकांना विचारले. ती उत्तरे वाचून डॉक्टरांनी मृत्यूचे संभाव्य कारण ठरवले. त्यावरून सत्तर वर्षांखालील सुमारे २,०५,००० व्यक्ती दरवर्षी मलेरियाने मरतात, असा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचा त्या वेळचा अंदाज होता सुमारे १५,०००. आणि सरकारी कार्यक्रमाकडे नोंदलेले मृत्यू होते सुमारे १,०००!

देश एकच, रोग एकच, आणि आकडे तीन. खोटे कोणीच बोलत नव्हते. सरकारी आकड्यात केवळ नोंद झालेले मृत्यू होते. घरोघरीच्या अभ्यासात मलेरियाचे म्हणून धरलेले बहुसंख्य मृत्यू खेड्यांत आणि दवाखान्याबाहेर झाले होते. ते दप्तरात येणार कसे? उलट, नातेवाइकांच्या वर्णनावरून मलेरियाचा ताप आणि दुसरा ताप यांत फरक करणे अवघड, हा त्या अभ्यासावरचा आक्षेपही रास्त होता. म्हणूनच अभ्यासकांनी आपला अंदाज १,२५,००० ते २,७७,००० अशा रुंद पट्ट्यात दिला होता.

जिथे मोजदाद अपुरी असते, तिथे जीबीडीचे संशोधक गणिती प्रारूप वापरतात. शेजारच्या प्रदेशांची व आधीच्या वर्षांची माहिती, लोकांचे उत्पन्न, शिक्षण इत्यादींवरून रिकामी जागा भरली जाते. यात गैर काही नाही. भारतात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. अंदाज केला नाही तर उरलेल्यांचे आजार कोणाच्या लेखी येणारच नाहीत.

आमची तक्रार अंदाजाबद्दल नाही, तो दाखवण्याच्या रीतीबद्दल आहे. जिथे जवळजवळ प्रत्येक मृत्यूची नोंद कारणासह होते त्या देशाची चौकट आणि जिथे बहुतेक माहिती प्रारूपातून आली त्या देशाची चौकट, दोन्ही सारख्याच ठसठशीत. चौकटीवर बोट नेले की अंदाजाच्या खालच्या-वरच्या मर्यादा दिसतात, हे खरे. मूळ माहिती कोठून घेतली याची सूचीही संस्थेने उपलब्ध केली आहे, पण तिचे दार वेगळे. चित्र पाहून उठणारा विद्यार्थी त्या दारापर्यंत जात नाही.

हा दोष एकाच संकेतस्थळाचा नाही. स्वीडनच्या ‘गॅपमाइंडर’वरचे हलते बुडबुडे अनेक शिक्षकांच्या आवडीचे आहेत. तेथे १८०० सालचे आयुर्मान दाखवणारा बुडबुडा आजच्या बुडबुड्याइतकाच नेटका दिसतो. जुने आकडे कित्येक देशांसाठी ढोबळ आहेत, हे टिपणात लिहिलेले असते, बुडबुड्यावर नाही. ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ येथे एक पाऊल पुढे आहे. आकडे ज्या संस्थेचे, तिचे नाव आलेखाच्या खालीच छापलेले असते.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटना आणि इतर तज्ज्ञांनी मिळून असे अंदाज प्रसिद्ध करताना काय काय उघड करावे याची १८ कलमी यादी केली. ती संशोधकांसाठी आहे. वाचकासाठी आम्ही तीनच गोष्टी मागू. जिथे प्रत्यक्ष माहिती तुटपुंजी, तिथला रंग फिका असावा. अंदाजाचा पट्टा न विचारता दिसावा. आणि दुसऱ्या संस्थेचा आकडा वेगळा असेल तर तो शेजारीच असावा. २०१० साली जगभर मलेरियाने किती माणसे मेली, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने ६,५५,००० असे दिले होते, तर सिएटलच्या संस्थेने सुमारे १२,४०,०००. हे दोन आकडे शेजारी ठेवले असते, तर वाचक गोंधळला नसता, सावध झाला असता.

वापरायला सोपे म्हणजे आकडा चटकन हाती देणारे, एवढाच अर्थ आपण घेत आलो आहोत. तो आकडा आला कुठून हेही तितक्याच चटकन कळले पाहिजे. मच्छरदाण्या किती लागतील, औषधे कोणत्या जिल्ह्यात पाठवायची, हे अशा आकड्यांच्या आधारे ठरत असते.

तोवर हे काम शिक्षकांना वर्गात करता येईल. संकेतस्थळ जरूर वापरा. मात्र मुलांनी वहीत आकडा उतरवला की त्यापुढे तीन रकाने आखायला सांगा: कोणी मोजला, कसा मोजला, किती कमीजास्त असू शकतो. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. तो का रिकामा राहिला, यावरच त्या दिवसाचा तास घेता येईल.