पेन घराण्याचें कुलचिन्ह व मूळपुरुष : एक परीक्षण

उत्तर अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया प्रांताचा संस्थापक, क्वेकरपंथीय विल्यम पेन (१६४४-१७१८) याचें घराणें बकिंगहॅमशायर परगण्यांतील पेन गांवच्या जुन्या पेन घराण्याची शाखा होय, असें पुष्कळदां लिहिलेलें आढळतें. या विधानास आधार दोन दाखवितात. पहिला, ब्रिस्टल येथील सेंट मेरी रेडक्लिफ देवळांतील त्याचे वडील, आरमाराचे सेनापति सर विल्यम पेन (मृत्यु १६७०) यांचा स्मारकलेख. दुसरा, दोन्ही घराण्यांच्या ढालींचें साम्य : रुपेरी ढाल, तिच्यावर आडवा काळा पट्टा व पट्ट्यावर तीन रुपेरी वर्तुळें.

स्मारकलेख हा मृताच्या तारखेविषयीं व हुद्द्यांविषयीं समकालीन साक्षीदार असतो. दूरच्या पूर्वजांविषयीं मात्र तो केवळ घराण्याची समजूत सांगतो. ढालीचें म्हणावें, तर इंग्लंडांत कुलचिन्ह आडनांवास मिळत नसून विशिष्ट पुरुषास व त्याच्या औरस वंशजांस मिळतें. म्हणूनच १५३० पासून १६८८ पर्यंत राजाचे कुलचिन्हाधिकारी परगणोपरगणीं फिरून पुरावा मागत. तेव्हां वंश एक म्हणून ढाल एक, आणि ढाल एक म्हणून वंश एक, असें म्हणणें हा अन्योन्याश्रय दोष होय. सर विल्यम यांचे वडील जाइल्स पेन हे दर्यावर्दी व्यापारी. त्यांच्यामागें विल्टशायरमधील मिंटी गांवापर्यंत माग लागतो. तेथून पेन गांवास जोडणारा दुवा सिद्ध झालेला नाहीं.

क्वेकर लोक पदव्या मानीत नसत व कोणापुढेंहि टोपी काढीत नसत. तरी पेननें तीच ढाल आपल्या प्रांताच्या मुद्रेवर घातली. परंतु या पंथाच्या कुळांचा खरा पुरावा ढालींत नसून त्यांच्या मासिक सभांच्या दप्तरांत आहे. त्यांत जन्म, विवाह व मृत्यु नोंदलेले असून विवाहपत्रावर हजर मंडळींच्या सह्या असतात. मात्र तीं दप्तरें वाचतांना कालगणना संभाळावी लागते. १७५२ पूर्वीं त्यांतील ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च, जानेवारी नव्हे. व वर्षारंभ २५ मार्चास होई. प्रांताची सनद आपण ४ मार्च १६८१ ची म्हणतों. तत्कालीन गणनेनें तें साल १६८० च ठरतें. हें न ओळखल्यास पुत्राचा जन्म मातापित्यांच्या विवाहापूर्वीं पडावयाचा!

पित्याकडून पुत्रास निःसंशय आलें तें राजाकडील सोळा हजार पौंडांचें येणें. त्याच्याच फेडीदाखल प्रांत मिळाला. हा वारसा साधार आहे. बकिंगहॅमशायरचा संबंध मात्र वंशावळींत ‘कथित’ म्हणूनच नोंदवावा, हें उचित.