यादीतले नाव आणि समतेचा हक्क

कायदा हाही एक मजकूर आहे. त्यात कोण आहे यापेक्षा कोण वगळला आहे, हे आधी वाचावे लागते. आपल्याइतके हे दुसरे कोण जाणते?

कोकणातले बेने इस्रायल घ्या. मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. इस्रायलला गेल्यावर तेथील धर्मपीठाने 1962 च्या आदेशाने विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी लावली. कुळाचा दाखला मागणारे तेथेही निघालेच! त्यांनी जेरुसलेमात धरणे धरले आणि 1964 साली तेथील संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू आहेत, असे जाहीर केले. लढा न्याय्य होता, विजयही खरा होता.

परंतु त्या विजयाचा आधार तपासला पाहिजे. 'आम्हीही ज्यूच' हे मान्य झाले म्हणून हक्क मिळाला. मग लोकसंख्येत सुमारे पाचवा हिस्सा असलेल्या अरब नागरिकाने काय सिद्ध करावे? त्याला मत आहे, न्यायालय आहे. तरी 1966 पर्यंत बहुतेक अरब वस्त्यांवर लष्करी अंमल होता. 1950 चा परतीचा कायदा जगभरच्या ज्यूंसाठी आहे. 1948 साली परागंदा झालेल्या अरबांसाठी नाही. 2018 च्या मूलभूत कायद्याने तर राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ ज्यू जनतेचा ठरविला आणि अरबीचा राजभाषेचा दर्जा काढून घेतला.

आपली घटना राष्ट्र कोणा एका धर्माच्या नावे करीत नाही. म्हणूनच 1950 च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसरा परिच्छेद अधिक खुपतो. हिंदू नसलेल्याला त्याने यादीबाहेर ठेवले. 1956 साली सर्व दलित शीख आत आले. त्याच वर्षी धर्मांतर केलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी 1990 पर्यंत थांबावे लागले. बेलवलीतल्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. केंद्राच्या सवलतींसाठी माझा दाखला चालतो तो त्या दुरुस्तीमुळे.

मुसलमान आणि ख्रिस्ती दलित मात्र आजही बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली हा परिच्छेदच काढून टाकण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. आपले नाव यादीत आले, परिच्छेद तसाच राहिला. धर्म बदलल्याने जात सुटत नाही हे आपण स्वतःसाठी चौतीस वर्षे सांगत होतो. तेच आता दुसऱ्यासाठी सांगण्याची वेळ आली आहे. आपण ते सांगणार की नाही?