‘हालाजू’चा हेवा

‘चाल’ आणि ‘वेग’ यांतला फरक शिकवताना आपण सगळेच थोडे अडखळतो. चाल अदिश, वेग सदिश, असे फळ्यावर लिहितो. मुले ते पाठ करतात आणि सहामाहीत नेमकी अदलाबदल करून ठेवतात. दोष सगळा मुलांचा नाही. ‘वेग’ या शब्दाकडे कितीही वेळ पाहिले तरी त्यात दिशा कुठे दिसत नाही.

मलेशियातील परिभाषाकारांनी हा पेच कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. मलय भाषेत ‘हाला’ म्हणजे दिशा आणि ‘लाजू’ म्हणजे जलद. दोन्ही सांधून त्यांनी ‘हालाजू’ हा शब्द घडवला. नुसती चाल ती ‘कलाजुआन’. दिशाही सांगायची असेल तर ‘हालाजू’. व्याख्याच शब्दात येऊन बसली! आम्हाला तरी या शब्दाचा हेवा वाटतो.

हे काम तेथे १९५६ साली स्थापन झालेली ‘देवान बहासा दान पुस्ताका’ ही संस्था करते. (यातले ‘बहासा’ आणि ‘पुस्ताका’ वाचकांनी ओळखले असतीलच. ‘दान’ मात्र आपले नव्हे; त्याचा अर्थ ‘आणि’.) १९७० मध्ये मलय माध्यमाचे राष्ट्रीय विद्यापीठ निघाले आणि शब्दांची निकड एकदम वाढली. १९७५ च्या मार्गदर्शक नियमांनी क्रम घालून दिला: आधी आपल्या भाषेत शोधा, मग भगिनीभाषांत, तेथेही न मिळाले तरच परका शब्द घ्या.

क्रम उत्तम, पण तो पाळला गेला का? जीवशास्त्राला पूर्वी ‘काजी हायात’ म्हणत. काजी म्हणजे अभ्यास, आणि ‘हायात’ म्हणजे आपल्या ‘हयातीत’ला हयात, जीवन. शाळकरी पोरालाही कळावा असा शब्द. तो मागे पडून ‘बिओलोगी’ आला. जीवरसायनासारखे जोडशब्द करायला आंतरराष्ट्रीय शब्द सोयीचा पडतो, हे आम्ही मान्य करतो. पण ही सोय तज्ज्ञांची आहे, पहिल्यांदा विषयाचे पुस्तक उघडणाऱ्याची नाही.

आमची खरी तक्रार दुसरीच आहे. मलय आणि इंडोनेशियन या मुळात एकाच भाषेच्या दोन शाखा. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी एकत्र बसून लेखनपद्धती जुळवली. अक्षरे जुळली, पण भौतिकीचे अगदी पायाभूत शब्द वेगळेच राहिले. मलेशियात बलाला ‘दाया’ म्हणतात आणि शक्तीला ‘कुआसा’. इंडोनेशियात बल म्हणजे ‘गाया’, आणि ‘दाया’ म्हणजे शक्ती! म्हणजे क्वालालंपूरच्या मुलाने जकार्ताचे पुस्तक उघडले, तर जी ‘दाया’ तो न्यूटनमध्ये मोजतो ती तेथे वॉटमध्ये मोजलेली दिसणार. शब्द अगदीच अनोळखी असता तर मुलगा निदान थबकला असता. ओळखीचा आहे म्हणूनच तो फसतो. वस्तुमानाचेही तेच: एकीकडे अरबी वळणाचा ‘जिसिम’, दुसरीकडे ‘मासा’. रुळलेली पुस्तके बदलणे अवघड असते हे खरे, पण मग स्पेलिंगसाठी एवढा खटाटोप कशाला केला?

जाता जाता एक गंमत. मलयमध्ये प्रकाशाला ‘चाहाया’ म्हणतात आणि हा शब्द आपल्या ‘छाया’वरून गेला आहे. संस्कृतात छायेला कांती असाही अर्थ आहे. आपण सावली ठेवून घेतली, त्यांनी उजेड नेला.

२००३ मध्ये मलेशियाने शाळेतले विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली. हा निर्णय मागे घेण्याचे २००९ मध्ये ठरले आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने मलय पुन्हा वर्गात आली. पुढे २०१६ पासून काही शाळांना इंग्रजीचा पर्याय मिळाला. त्या शाळांतली मुले आता ‘व्हेलॉसिटी’ शिकतात. त्या शब्दातही दिशा कुठे दिसत नाही. तीही पाठच करावी लागते.